मुक्कामी गाडी

तुर्भ्याला कांदा-बटाटा मार्केटच्या मागे
माथाडींच्या पतसंस्थेचा सर्व्हर
लोखंडी कपाटाला खेटून उभा आहे.
त्याच्या पंख्यात कांद्याची सालं अडकतात.

म्हणून मी आधी धुळीलाच धरलं.
साफसफाईची कॅसेट घातली, काढली, परत घातली.
केबल उपटली, पिना डोळ्याजवळ नेऊन मोजल्या:
अडुसष्ट. एकही वाकडी नाही.
टर्मिनेटर बदलला. नवी टेप फोडली.
लॉगमध्ये रोज रात्री तेच: यशस्वी, यशस्वी, यशस्वी.
आणि टेपवर कर्जखात्याची फाइल नाही.
सोमवारच्या नाही, गुरुवारच्या नाही,
बिस्किटाच्या डब्यात जपलेल्या
मार्चअखेरच्या टेपवरही नाही.

दोनपैकी एक डिस्क दुपारीच गेली.
दुसरी आत टकटक करते आहे,
दाराबाहेर कुणी उभं असल्यासारखी.

शेडगेमामा स्टुलावर.
तीस वर्षं पाठीवर पोती, मग गुडघे गेले,
मग संस्थेनं टेप बदलायचं काम दिलं.
त्यांची वही माझ्या मांडीवर:
"टेप बदलली. आवाज नीट. तीनदा परत आली."
पान उलटलं. "तीनदा परत आली."
चार वर्षं तेच.
मामा, काय परत आली?

"टेप. जाते, लिहिते, सुर्रकन मागं येते.
परत जाते. परत येते.
मी मढवीसाहेबांना म्हटलं होतं,
तीन पोत्यांची थप्पी लावायची
तर दर खेपेला पहिल्याच जागेवर पोतं कसं?
ते म्हणाले, मामा, मशीन आहे ते."

मी स्क्रीनवर विचारलं, कुठे आहेस?
फाइल शून्य, ब्लॉक शून्य.
ठेवी लिहून झाल्यावर, शून्य.
कर्ज लिहून झाल्यावर, शून्य.
ठेवींवर कर्ज, कर्जावर वारसांची नावं,
रोज रात्री, एकही खाडा न करता.
शेवटचं तेवढं उरलं.
चार वर्षांच्या टेपांवर फक्त वारस.
कुणाला मिळायचं ते आहे,
काय मिळायचं ते नाही.

मढवींची स्क्रिप्ट उघडली. नीटनेटकी,
वर टिपणी: कृपया हात लावू नये.
खाली यंत्राचं नाव, एसटी शून्य.
मामा चष्मा पुसून वाकले. "एसटी?"
हो. ही प्रत्येक फेरी झाली की डेपोत परत येते.
पुढे एक एन लावला तर येत नाही,
जिथे थांबेल तिथेच उभी.
"म्हंजे मुक्कामी," मामा म्हणाले.
"आमच्याकडं मेढ्यावरनं रात्री वर यायची.
डायवर देवळात झोपायचा.
सकाळी तिथनंच पुढं."

एन. म्हणजे आपला न.
इतकी वर्षं त्या गाडीला
परत येऊ न म्हणणारं कुणी नव्हतं.
नव्हतं असंही नाही. वहीत होतं.

रात्री दीडला ते अक्षर टाकलं.
दोन दहाला ठेवी संपल्या.
फाइल एक, ब्लॉक शून्य.
आम्ही दोघं ड्राइव्हला कान लावून,
त्याच्या कपाळावर दसऱ्याचा हळदीचा ठिपका
अजून पुसलेला नाही.
आतून काही आलं नाही.

आता कर्ज. अर्ध्यावर टकटक वाढली.
बाहेर नाशिकचा ट्रक मागे घेताना
क्लीनर पत्र्यावर थापा मारत ओरडतोय,
येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे,
मामांनी उठून खिडकी लावली.

वहीत आजची तारीख घातली.
"टेप बदलली" लिहिलं.
पुढचं लिहायला अजून वेळ आहे,
पेनाचं टोपण त्यांनी लावलेलं नाही.